शाळा व्यवस्थापन समिती नीट निवडायची कशी आणि कामाला लावायची कशी

जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांत कार्यालयाच्या भिंतीवर शाळा व्यवस्थापन समितीचा फलक असतो. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सदस्य, सचिव अशी सगळी नावं त्यावर रंगवलेली असतात. त्यातल्या तीन-चार जणांना गाठून शेवटची बैठक कधी झाली, काय ठरलं, एवढंच विचारा. उत्तर मिळालं तर समिती जिवंत आहे. मिळालं नाही, तर ती निवडली कशी गेली ते शोधा. पालकसभा न घेता वहीवर सह्या फिरवून समिती झाली असेल, तर पुढची दोन वर्षं तिथे सह्याच फिरत राहतात. म्हणून या लेखात निवडीबद्दल सगळ्यात सविस्तर लिहिलं आहे. मुख्याध्यापक, पालक आणि गावातले जाणते कार्यकर्ते या तिघांनाही उपयोगी पडावा असा प्रयत्न आहे.

कायदा नेमकं काय सांगतो

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य शाळेतल्या मुलांचे आईवडील किंवा पालक हवेत, निम्म्या जागांवर महिला हव्यात आणि उपेक्षित गट व दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत. या तीन अटी पाळल्या नाहीत तर ती समिती कायद्याप्रमाणे झालेली नाही, मग फलक कितीही सुबक असो.

महाराष्ट्रात १७ जून २०१० च्या शासन निर्णयाने याला आकार दिला. सदस्यसंख्या १२ ते १६, सचिव सोडून. पालकांखेरीजच्या जागांवर तिघं येतात: स्थानिक प्राधिकरणाने, म्हणजे गावात ग्रामपंचायतीने, दिलेला एक निवडून आलेला सदस्य, शिक्षकांनी आपल्यातून निवडलेला एक शिक्षक, आणि पालकांनी निवडलेला एक स्थानिक शिक्षणतज्ज्ञ किंवा बालविकास तज्ज्ञ. मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव. शाळेतले दोन विद्यार्थीही असतात आणि त्यांतली एक तरी मुलगी असावी लागते. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष मात्र पालक सदस्यांमधूनच. सरपंच, पोलीस पाटील, संस्थेचे देणगीदार यांचं मूल शाळेत शिकत नसेल, तर त्यांना अध्यक्ष होता येत नाही. दर दोन वर्षांनी समिती नव्याने बनवायची असते. २०२५ मध्ये शाळा पातळीवरच्या अनेक समित्यांचं एकत्रीकरण झालं आहे. त्यामुळे निवडीच्या आधी केंद्रप्रमुखांकडून, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांकडून, ताजा शासन निर्णय मागून घ्या आणि त्याची प्रत सभेत हाताशी ठेवा.

विनाअनुदानित खासगी शाळांना कलम २१ लागू नाही. तिथे २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याखालचा पालक-शिक्षक संघ असतो, त्याची रीत वेगळी. खासगी अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांत समिती असते, पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिचं काम फक्त सल्ला देण्याचं आहे. पुढचं सगळं विवेचन जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महानगरपालिकेच्या शाळांसाठी आहे.

तारीख पालकांच्या सोयीची हवी

शाळा जूनच्या मध्यावर उघडते, विदर्भात उन्हामुळे थोडी उशिरा. पहिले पंधरा दिवस प्रवेश आणि पुस्तकवाटपात जातात. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत निवड उरकावी. बीड, अहिल्यानगर या भागांतल्या ऊसतोड मजुरांच्या गावांत तर हे फार महत्त्वाचं आहे. दिवाळीच्या आसपास ही कुटुंबं कारखान्यांकडे निघतात ती उन्हाळ्यातच परततात. नोव्हेंबरात निवड घेतली तर शाळेची ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे तेच पालक सभेबाहेर राहतात, आणि हंगामी वसतिगृह, म्हणजे आईवडील बाहेर असताना मुलांना गावातच ठेवून शिकवण्याची सोय, हवं की नको हे ठरवायला त्यांच्यापैकी कुणीच उरत नाही.

पेरणीची घाई असेल तर आठवडाभर थांबा. आठवडी बाजाराच्या दिवशी सभा नको. वेळ ठरवण्याआधी पाच-सहा आयांना विचारा. सकाळी अकराला बोलावलं तर मजुरीवर जाणाऱ्या येऊ शकत नाहीत, संध्याकाळी सातला बोलावलं तर चूल पेटवायची असते. पुष्कळ गावांत मजुरीच्या सुट्टीच्या दिवसाची दुपार जमते, पण हे त्या त्या गावालाच माहीत.

जागांचं गणित आधी कागदावर मांडा

हे काम मुख्याध्यापकांनी सभेच्या आधीच्या आठवड्यात करायचं. हजेरीपटावरून इयत्तानिहाय पट काढा, आणि अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास घटक, दिव्यांग मुलं, कमी उत्पन्नाची कुटुंबं अशी यादी करा. समजा पहिली ते चौथीची शाळा आहे, पट ८० आहे आणि त्यांतली ३२ मुलं उपेक्षित व दुर्बल घटकांतली आहेत. म्हणजे ४० टक्के. समिती १२ जणांची धरली तर पालकांच्या जागा ९, त्यांच्या ४० टक्के म्हणजे ३.६. तेव्हा चार जागा त्या पालकांच्या. एखादं दिव्यांग मूल शाळेत असेल तर त्याची आई किंवा वडील या चारांत असावेत असा माझा आग्रह आहे. रॅम्पचा उतार फार उभा आहे हे रोज मुलाला उचलून आणणाऱ्या माणसालाच सगळ्यात आधी कळतं.

आता महिलांचा हिशोब. बारातल्या सहा जणी हव्यात. शिक्षक प्रतिनिधी, ग्रामपंचायत सदस्य आणि शिक्षणतज्ज्ञ हे तिन्ही पुरुष निघाले तर नऊ पालकांतल्या सहा महिला असाव्या लागतात. ऐनवेळी ओढाताण नको म्हणून पालकांतल्या सहा जागा सुरुवातीपासूनच महिलांसाठी धरून चला. तिघांत कुणी महिला आली तर महिला जास्त होतील, त्याला कुठे आडकाठी नाही.

तिसरा हिशोब बहुतेक जण विसरतात. चौथीतलं मूल पुढच्या जूनमध्ये शाळा सोडतं, आणि मूल गेलं की पालकाचं सदस्यत्वही संपतं. म्हणून जागा इयत्तांना वाटताना पहिली आणि दुसरीला तीन-तीन, तिसरीला दोन, चौथीला एक अशी वाटणी करा. शाळा सातवीपर्यंत असेल तर हाच विचार सातवीसाठी. मधेच रिकामी झालेली जागा पुढच्या पालकसभेत भरायची आणि तशी नोंद करायची.

नोटीस

सभेची सूचना किमान आठ दिवस आधी द्या. एकाच मार्गाने नको. मुलांच्या वहीत चिठ्ठी, व्हॉट्सॲप ग्रुप, ग्रामपंचायतीचा फलक, देवळाचा किंवा समाजमंदिराचा लाउडस्पीकर, आणि वस्तीवर, तांड्यावर, पाड्यावर शिक्षकांनी स्वतः जाऊन सांगणं. व्हॉट्सॲपवर टाकलं म्हणजे सगळ्यांना कळलं असं धरू नका. घरातला एकच फोन बहुधा वडिलांच्या खिशात असतो. नोटिशीचा मजकूर साधा असावा:

"आपल्या शाळेची नवीन शाळा व्यवस्थापन समिती निवडण्यासाठी रविवार, दि. … रोजी दुपारी … वाजता शाळेत पालकसभा आहे. पालकांच्या ९ जागा निवडायच्या आहेत. त्यांतल्या ६ महिलांसाठी आहेत. समितीला शाळेच्या खर्चावर, पोषण आहारावर आणि शिक्षकांच्या उपस्थितीवर लक्ष ठेवायचा अधिकार आहे. आई आणि वडील दोघांनीही यावे. ज्यांना समितीत काम करायचे आहे त्यांनी सभेत नाव द्यावे."

जागा किती आणि अधिकार काय, ही दोन वाक्यं वगळू नका. केवळ 'पालकसभेस उपस्थित राहावे' असं लिहिलं की पालकांना वाटतं, गणवेशाबद्दल काहीतरी सांगणार असतील.

पालकसभा: अर्धा दिवस राखून ठेवा

सभेला किमान निम्म्या कुटुंबांतून कुणीतरी यावं. त्याहून कमी आले तर निवड पुढे ढकला आणि पुन्हा वस्त्यांवर फिरा. पहिल्यांदा हे जड जातं, पण पाच माणसांनी निवडलेल्या समितीला पुढे गावात कुणी मोजत नाही.

सभेचं संचालन मुख्याध्यापकांनी करू नये असं माझं ठाम मत आहे. समितीने ज्यांच्या कामावर लक्ष ठेवायचं त्यांनीच तिची निवड हाकावी हे बरं दिसत नाही. केंद्रप्रमुख, शेजारच्या शाळेचे मुख्याध्यापक किंवा गावात ज्यांचा शब्द सगळे मानतात असे निवृत्त शिक्षक यांना बोलवा. मुख्याध्यापकांनी जागांचा तक्ता फळ्यावर लिहावा, कायद्यातल्या तीन अटी वाचून दाखवाव्यात आणि बसावं.

मग पालकांना इयत्तानिहाय बसवा. पहिलीचे एका वर्गात, दुसरीचे दुसऱ्या. मोठ्या सभेत बोलायला न धजणाऱ्या बाया वीस जणींच्या घोळक्यात मोकळेपणी नाव सुचवतात. प्रत्येक गटाने आपल्या वाट्याच्या जागांसाठी नावं घ्यावीत. ज्याचं नाव आलं त्याने किंवा तिने उभं राहून दोन वाक्यं बोलावीत: वेळ देता येईल का, आणि शाळेत पहिल्यांदा काय बदलावंसं वाटतं. जागेपेक्षा नावं जास्त झाली तर चिठ्ठ्यांवर मतदान घ्या. हात वर करायला लावलं तर कुणी कुणाच्या विरोधात हात वर केला हे गाव पाच वर्षं लक्षात ठेवतं. वाचता न येणाऱ्यांसाठी उमेदवारांना खुणा द्या: पाटी, पेन, झाड, सायकल. छोट्या खोक्यात चिठ्ठ्या टाका आणि सगळ्यांसमोर मोजा.

बिनविरोध निवडीचा गावांना अभिमान असतो, आणि खरंच एकमत असेल तर उत्तमच. पण आधी प्रत्येक गटाला 'आणखी कुणाचं नाव आहे का' असं तीनदा विचारा. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतले दोन गट इथेही आपापली यादी घेऊन येत असतील तर सभा चालवणाऱ्यांनी स्पष्ट सांगावं की यादी मंजूर होणार नाही, इयत्तेच्या गटातूनच नाव येईल. इयत्तेप्रमाणे बसवण्याचा मोठा फायदा हाच आहे. भावकी आणि पार्ट्या चार खोल्यांत विखुरल्या जातात.

सगळे गट एकत्र आल्यावर तक्त्यात नावं भरा आणि तिन्ही अटी पुन्हा तपासा. महिला पाचच आल्या, तर ज्या इयत्तेत फरक सगळ्यात कमी मतांचा होता तिथली पुढची महिला घ्या. हा नियम मोजणीआधीच सांगून ठेवायचा, नंतर सांगितला तर भांडण होतं.

शिक्षणतज्ज्ञाच्या जागेसाठी पदवीचा आग्रह नको. अंगणवाडी सेविका, वाचनालय चालवणारा तरुण, निवृत्त आरोग्यसेविका हे चांगले पर्याय आहेत. अंगणवाडी सेविकेला पुढच्या तीन वर्षांत शाळेत येणारं प्रत्येक मूल नावानिशी माहीत असतं.

अध्यक्ष

निवडून आलेल्या सदस्यांनी त्याच दिवशी, गाव पांगण्याआधी, अध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडावेत. दोघांपैकी एक महिला असावी. शाळेत पायी येता येईल इतक्या अंतरावर राहणारा, मूल पहिली किंवा दुसरीत असलेला आणि हिशोबाचे प्रश्न विचारायला न कचरणारा पालक शोधा. फार शिकलेला असायला हवा असं नाही. मुख्याध्यापकांच्या सोयीचा अध्यक्ष निवडला की बैठका लवकर संपतात आणि शाळेचे प्रश्न तसेच राहतात.

महिला सदस्यांच्या ऐवजी त्यांचे पती बैठकीला येतात, हा प्रकार पहिल्याच बैठकीत बंद करा. सदस्य आली तरच उपस्थिती धरायची, सही तिचीच घ्यायची. ती बोलत नसेल तर तिला विषय वाटून द्या. पोषण आहाराचं निरीक्षण ज्या सदस्याकडे आहे तिला बैठकीत बोलावंच लागतं.

पहिली बैठक आणि इतिवृत्त

निवडीनंतर पंधरा दिवसांत पहिली बैठक घ्या. महिन्यातून किमान एक बैठक बंधनकारक आहे, म्हणून वार कायमचा ठरवून टाका, उदाहरणार्थ दर महिन्याचा दुसरा शनिवार. पहिल्या बैठकीत कामं वाटून घ्यायची: पोषण आहार, उपस्थिती व गळती, इमारत-पाणी-स्वच्छतागृह, हिशोब. प्रत्येक कामाला दोन सदस्य. दोन विद्यार्थी सदस्यही याच बैठकीत घ्या आणि प्रत्येक बैठकीत पहिली पाच मिनिटं त्यांना द्या. नळाला पाणी नाही, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, हे मोठ्यांआधी तेच सांगतात.

इतिवृत्त सचिव लिहितात, पण ते बैठक संपण्याआधी वाचून दाखवलं पाहिजे आणि मगच सह्या. प्रत्येक ठरावात काय, कोण आणि कधीपर्यंत हे तीन तपशील हवेत. 'पाण्याच्या समस्येवर चर्चा झाली' अशी नोंद काहीच कामाची नाही. ती अशी असावी: "ठराव क्र. ३: मुलींच्या स्वच्छतागृहाची टाकी गळते. दुरुस्तीचा खर्च संयुक्त शाळा अनुदानातून करावा. दोन दुकानांचे दर इमारत गटाच्या सदस्यांनी १५ ऑगस्टपर्यंत आणावेत. सूचक …, अनुमोदक …" पुढच्या बैठकीचा पहिला विषय कायम एकच: मागच्या ठरावांचं काय झालं.

लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं काय बघायचं

पोषण आहारापासून सुरुवात करा, कारण तो रोज डोळ्यांसमोर असतो. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य धरलेलं आहे. मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी आणि शक्य तिथे समिती सदस्याने चव घेऊन चव नोंदवहीत सही करायची असते. महिन्यातून दोनदा, न सांगता, जेवणाच्या वेळी जा. त्या दिवशीची हजेरी, शिजवलेला तांदूळ आणि कोठीतला शिल्लक साठा जुळतो का ते बघा. स्वयंपाकीण बाईंशी सन्मानाने बोला. त्यांचं मानधन थकलेलं असेल तर तो विषयही समितीचाच आहे.

शिक्षकांच्या बाबतीत दोन गोष्टी सारख्याच वजनाने बघायच्या. एक, ते वेळेवर येतात का आणि शाळा ठरलेले दिवस भरते का. कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस सांगितले आहेत. दुसरं, त्यांना शिकवू दिलं जातं का. कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना शिक्षक जुंपता येत नाहीत. शिक्षकाला भलतंच काम लावून वर्ग रिकामा राहत असेल तर समितीने ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांना, म्हणजे तालुक्याच्या शिक्षण अधिकाऱ्यांना, कळवावं. समिती आपल्या बाजूनेही उभी राहते हे एकदा शिक्षकांना दिसलं की बाकीचे प्रश्न विचारणं सोपं जातं. वर्गात बसून शिकवण्यातल्या चुका काढणं मात्र सदस्यांचं काम नाही.

शाळा विकास आराखडा

समितीच्या सगळ्या अधिकारांत हा सर्वांत मोठा, आणि सर्वांत दुर्लक्षित. कलम २२ प्रमाणे समितीने शाळेचा विकास आराखडा बनवायचा असतो. केंद्राच्या २०१० च्या नियमांत तो तीन वर्षांचा आणि वर्षागणिक तीन भागांचा सांगितला आहे, आणि समिती प्रथम बनते त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीच्या तीन महिने आधी तयार व्हावा अशी अपेक्षा आहे. म्हणजे डिसेंबरअखेर.

कामाची सुरुवात ऑगस्टमध्ये करा. आधी पुढच्या तीन वर्षांचा पट काढा. अंगणवाडीच्या यादीतून कुठल्या वर्षी किती मुलं सहा वर्षांची होतात ते मोजा, वस्तीवरची नोंद नसलेली मुलं त्यात मिळवा. त्यावरून शिक्षक किती लागतील ते निघतं: पहिली ते पाचवीत ६० पर्यंत दोन, ६१ ते ९० तीन, ९१ ते १२० चार. सहावी ते आठवीत ३५ मुलांमागे एक, आणि गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्र, भाषा यांना प्रत्येकी किमान एक. मग सगळ्या सदस्यांनी शाळेभोवती फेरी मारावी. मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, रॅम्प, स्वयंपाकघर, कुंपण, मैदान, ग्रंथालय या कायद्याच्या अनुसूचीतल्या गोष्टी आहेत. त्या मागताना विनवणीचा सूर लावायचं कारण नाही. फेरीत जे दिसलं ते मुख्याध्यापकांनी यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत भरलेल्या माहितीशी ताडून बघा. तिथे 'आहे' लिहिलेलं स्वच्छतागृह प्रत्यक्षात कुलूपबंद असेल तर वरून निधी येणारच नाही.

आराखडा कपाटात राहू नये म्हणून त्याला ग्रामपंचायत विकास आराखड्याशी जोडा. ग्रामपंचायतींची ती तयारी साधारण २ ऑक्टोबरपासून सुरू होते. १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांत समितीचे सदस्य, विशेषतः आया, कागद घेऊन उभ्या राहिल्या तर कुंपण, नळजोडणी, शौचालय दुरुस्ती अशी कामं त्यात शिरतात. ग्रामपंचायतीचा सदस्य समितीत असण्याचा उपयोग इथे होतो. आराखडा अध्यक्ष आणि सचिवांच्या सहीने गटशिक्षणाधिकारी कार्यालयात द्या, आणि पोचप्रतीवर शिक्का घ्या.

पैसा

समग्र शिक्षा योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. योजनेच्या आराखड्यात ३० पर्यंत पटाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १,००० पर्यंत ७५,००० आणि त्यापुढे १ लाख अशी वार्षिक मर्यादा आहे, आणि त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. रक्कम हातात उशिरा पडते आणि मार्चअखेरीला खर्चाची घाई होते. म्हणून खर्चाचा क्रम डिसेंबरातच ठरवून ठरावात लिहून ठेवा, म्हणजे रंगरंगोटीत पैसे जाऊन नळ तसाच राहत नाही.

खर्चाआधी ठराव, खर्चानंतर पावती, आणि बैठकीत दोन्हींची जुळणी. रकमांचा गोषवारा दर तीन महिन्यांनी शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर लावा: काय आलं, कशावर गेलं, काय उरलं. गावाने दिलेली देणगीही याच हिशोबात यावी, तिची वेगळी वही ठेवू नये.

काम अडलं तर

आधी मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. तोंडी विनंतीत महिने जातात, त्यामुळे ठरावाची प्रत जोडून लेखी द्या. मुलाच्या हक्काचा भंग होत असेल तर कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. त्यावर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि तो मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. समितीची निवडच नियमबाह्य झाली असेल तर पालकांनी नोटीस, उपस्थितीपत्रक आणि इतिवृत्त यांच्या प्रती मागाव्यात आणि त्या जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे फेरनिवडीची मागणी करावी.

दोन वर्षं संपताना

मुदत संपण्याच्या महिनाभर आधी जुन्या समितीने एक शेवटची बैठक घ्यावी. अपुऱ्या ठरावांची यादी, अनुदानाची शिल्लक, साठा नोंदवही, विकास आराखड्यातली किती कामं झाली याचा तक्ता, आणि कार्यालयांशी झालेल्या पत्रव्यवहाराची फाइल, हे सगळं नव्या अध्यक्षांच्या हाती सही घेऊन सोपवायचं. बँकेत किंवा ऑनलाइन प्रणालीत जुन्या अध्यक्षांचं नाव असेल तर ते बदलण्याचा ठराव नव्या समितीच्या पहिल्याच बैठकीत घ्या. तो राहून गेला तर आलेलं अनुदान खात्यात पडून राहतं. जुन्यांपैकी ज्यांचं मूल अजून शाळेत आहे असे दोघं-तिघं नव्या निवडीत पुन्हा उभे राहिले, तर नव्या सदस्यांना पहिल्या महिन्यापासून सोबत मिळते.